जिंकणारी बाजू

तत्त्वज्ञान विषय घेणारी मुलं दर वर्षी कमी होत चालली होती आणि सुबोध मंगळवेढेकरांच्या ते जिव्हारी लागत होतं. सोलापुरातल्या त्या कॉलेजात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. प्राचार्य भेटतील तिथं एकच ऐकवायचे, "सर, विभाग टिकवायचा असेल तर काहीतरी करून दाखवा. नुसतं छान शिकवून काही होत नाही हो आजकाल." अशात नीतिविचार स्पर्धेचं पत्रक आलं, आणि सुबोध सरांना वाटलं, ही तर आपल्यासाठीच निघालेली स्पर्धा.

ही नेहमीची वादविवाद स्पर्धा नव्हती. इथं अनुकूल-प्रतिकूल अशा बाजू कुणी वाटून देत नाही. माणसापुढं खरोखर येतील असे पेच महिनाभर आधी कळवतात. संघानं त्यावर विचार करायचा, आपल्याला काय पटतं ते ठरवायचं आणि का पटतं ते परीक्षकांपुढं मांडायचं. दुसऱ्या संघाच्या शंका ऐकून घ्यायच्या, त्या योग्य वाटल्या तर तसं कबूलही करायचं. उलट त्याचेही गुण मिळतात. पहिल्याच बैठकीत सरांनी मुलांना सांगितलं, "एक लक्षात ठेवा. जे पटत नाही ते इथं बोलायचं नाही."

संघात तिघं होती. वकिलाचा मुलगा देवदत्त, तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचा नाही. श्रावणी शांत, मुद्देसूद. आणि तिसरी संस्कृती. घर मूळचं मैंदर्गीचं, पण वडील रामहरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. तिथूनच जवळ दोन खोल्यांत ती राहायची. पोरगी कमी बोलायची, पण बोलली की समोरचा हातातलं काम ठेवून ऐकायचा.

पेचांपैकी एक असा होता. एका निवृत्त बाईंना बरा न होणारा आजार झालाय. मुलांनी डॉक्टरांना हात जोडून सांगितलं, आईला कळू देऊ नका. हे बरोबर की चूक?

देवदत्त लगेच म्हणाला, "चूक. शरीर तिचं आहे, निर्णयही तिचाच." श्रावणीनं मान डोलावली. संस्कृती मात्र खिडकीबाहेर बघत होती.

"तुला काय वाटतं?" सरांनी विचारलं.

"सांगू नये," ती म्हणाली. "घरातली माणसं तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. तिला झेपणार नाही असं त्यांना वाटत असेल, तर ते नुसतं खोटं बोलणं नाही, सर. ते तिच्या वाटचं ओझं उचलणं आहे."

त्या दिवशी सगळे गेल्यावर ती मागं थांबली. दप्तराचा पट्टा हाताला गुंडाळत, सोडत म्हणाली, "सर, माझ्या वडिलांना, आबांना, पोटाचा कॅन्सर आहे. त्यांना आम्ही गाठ आहे म्हणून सांगितलंय, सलाईननं विरघळेल म्हणून. आईनं आणि काकांनी ठरवलं. मला हा प्रसंग नको. हा देवदत्तला द्या."

सुबोध सरांनी तेव्हाच 'बरं' म्हटलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पुढं कित्येक महिने ते या जागेशी येऊन अडायचे. 'बरं' हा एवढासा शब्द, तो तोंडातून का निघाला नाही? त्यांना तेव्हाही त्याचं उत्तर ठाऊक होतं. सांगू नये ही बाजू परीक्षकांपुढं टिकणार नाही, हे ते जाणून होते. सांगावं ही बाजू जिंकणारी होती. आणि ती बाजू संस्कृतीच्या तोंडून आली, तर सभागृह हलेल, हेही त्यांनी त्याच क्षणी हेरलं होतं.

"तुझ्यावर जबरदस्ती नाही," ते म्हणाले. "पण ज्या विचाराला आपण घाबरतो, त्याच्याच बाजूनं एकदा उभं राहून बघावं. बघ तरी."

आणि मग त्यांनी तिला पटवलं. रागावून नाही, घाई करूनही नाही. रोज कॉलेज सुटल्यावर थोडं थोडं. माणसापासून त्याचं मरण लपवलं, की त्याचे उरलेले दिवसही आपण काढून घेतो. त्याला कुणाची माफी मागायची असेल, कुठं जाऊन यायचं असेल. ती शंका काढायची, ते उत्तर द्यायचे. तिची शंका खरी असायची आणि त्यांचं उत्तर तयार असायचं. हळूहळू शंका कमी झाल्या. ती स्वतःच वाक्यं जुळवायला लागली, आणि ती वाक्यं त्यांच्यापेक्षा सरस होती.

एका संध्याकाळी शुक्रवार पेठेतल्या घरी जेवताना ते बायकोला, इंद्रायणीला म्हणाले, "पोरीच्या बोलण्याला काय धार आलीय, ऐकायला पाहिजेस तू."

"तिच्याच घरी कुणी आजारी आहे म्हणाला होतात ना?" इंद्रायणीनं विचारलं.

"ते वेगळं गं," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

जिल्ह्याच्या अंतिम फेरीत तोच प्रसंग निघाला. सभागृह भरलं होतं. संस्कृती उभी राहिली, हात पाठीमागं बांधले आणि बोलत गेली. एकदाही अडखळली नाही. ती म्हणाली, "आपण म्हणतो की तिला सोसवणार नाही म्हणून सांगत नाही. खरं म्हणजे तिचा चेहरा बघणं आपल्याला सोसवणार नसतं." पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. मग परीक्षकांतले एक वयस्क गृहस्थ पुढं वाकून म्हणाले, "बाळ, हे फार सुंदर मांडलंस. पण उद्या तुझ्या घरी अशी वेळ आली तर?"

तिनं एकदा सुबोध सरांकडं बघितलं. सरांनी किंचित मान हलवली. पुढं ते स्वतःला समजावत राहिले, की ती मान 'शांत राहा' म्हणून हलली होती. पण तसं नव्हतं; ती 'हो म्हण' म्हणूनच हलली होती.

"मी सांगेन," संस्कृती म्हणाली.

टाळ्या थांबता थांबेनात. चषक कॉलेजात आला, स्थानिक पेपरात फोटो आला, प्राचार्यांनी पेढे वाटले. पुण्याला राज्य पातळीवरच्या फेरीसाठी संघाची निवड झाली. सुबोध सरांच्या पाठीवर इतक्या जणांनी थाप मारली, की त्यांना दोन दिवस छाती पुढं काढून चालल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतरच्या सोमवारी शिपाई सांगत आला, "सर, कुणी बाई आल्यात. बसा म्हटलं तर बसत न्हाईत."

स्टाफरूमच्या दाराशी सोनाबाई उभी होती. संस्कृतीची आई. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेला चेहरा.

"तुमीच का ते बक्षिसाचे सर?"

"हो. या ना, बसा."

"बसायला न्हाई आले. इचारायला आले." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं तो जास्त लागत होता. "माझ्या पोरीनं घरी येऊन बापाला उभं करून सांगितलं, आबा, तुमाला गाठ न्हाई, कॅन्सर हाय, तुमाला कळायचा हक हाय. हक म्हणं! ह्यो शब्द आमच्या घरात कुनी आणला? मानूस दोन घास खात हुता, हसत हुता. आता भिताडाकडं तोंड करून पडलाय. मला दूध आणायला बी जाऊ देत न्हाई. जरा नजरंआड झाले की हाका मारतोय, ल्हान लेकरागत."

आजूबाजूचे प्राध्यापक वह्यांत डोकं घालून बसले होते. सुबोध सर म्हणाले, "ताई, मी तिला घरी सांग असं कधीच म्हणालो नाही."

हे खरं होतं. पण बोलल्याबरोबर त्यांना त्या खरेपणाची लाज वाटली.

सोनाबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "सांग म्हणाला न्हाई तर शिकवलं कशापाई?" एवढं म्हणून ती वळली आणि निघून गेली.

संस्कृती वर्गात सापडली. तिचे ओठ सुकले होते. "सर, स्टेजवर सगळ्यांसमोर सांगेन म्हणाले. मग घरी जाऊन गप्प बसले असते, तर जे बोलले ते सगळं नाटकच झालं असतं की." आणि पुढं म्हणाली, "तुम्ही बरोबरच शिकवलं होतं. आबांना जरा वेळ लागेल, इतकंच." तिनं दोष दिला असता तर बरं, असं त्यांना वाटलं. ती त्यांच्या बाजूनं उभी होती, आणि तेच सोसवत नव्हतं.

सलाईनच्या दिवशी रामहरीला दवाखान्यात न्यायला रिक्षा शोधावी लागायची. सुबोध सर आपली जुनी गाडी घेऊन गेले. सोनाबाईनं नको म्हटलं नाही, या म्हटलं नाही. रामहरी उंचापुरा माणूस, पण खांदे आत आले होते. कारखान्यात सगळ्यांच्या नकला करून हसवणारा म्हणून त्याची ख्याती होती, गुरप्पा नावाच्या मुकादमाची नक्कल तर कन्नडमधून करायचा म्हणे. त्या दिवशी गाडीत तो एक शब्द बोलला नाही.

वॉर्डात सुई लागल्यावर सोनाबाई औषध आणायला खाली गेली. तेवढं बघून रामहरीनं सरांचं मनगट धरलं. हात गार पडला होता.

"सर, हितला मोठा डॉक्टर तुमच्या वळखीचा हाय म्हणं."

"शाळेत बरोबर होतो आम्ही."

"मग त्याला इचारा की. पोरगी ल्हान हाय. कुटंतरी अर्धं ऐकलं आसंल, घाईघाईत. तसलं काय न्हाई म्हणून इचारून या. तुमी शिकलेली मानसं, तुमी म्हणाला की मला पटंल." त्याचे डोळे सरांच्या तोंडावर खिळले होते. "डोळं मिटलं की पाण्यात बुडल्यागत हुतंय वो. एवढं करा."

सुबोध सर डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसले. डॉक्टरांनी फाईल बघितली, चष्मा काढला. "तुला काय सांगू? वर्ष निघालं तरी पुष्कळ. लोकांना मी नेहमी सांगतो, पेशंटला कल्पना द्या. पण कुणी कल्पना देऊन मोकळं होतं आणि पुढं कोणी बसत नाही त्याच्याजवळ."

परत येताना वॉर्डाच्या त्या लांबलचक व्हरांड्यात ते दोनदा थांबले. महिनाभर त्यांनी जी बाजू घासूनपुसून चकचकीत केली होती, ती सगळी त्यांना पाठ होती. माणसाला कळायला हवं, उरलेले दिवस त्याचे असतात. एकेक वाक्य आठवत होतं. खाटेवरचा माणूस मात्र दाराकडं बघत होता. दार उघडल्याबरोबर त्यानं मान उचलली, आणि ती उचललेली मान बघून सरांची सगळी वाक्यं गेली.

"विचारलं मी," ते म्हणाले. "गाठच आहे. जरा हट्टी आहे, वेळ लागेल. पोरीचा गैरसमज झाला."

रामहरीनं डोळे मिटले. त्याच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला. थोड्या वेळानं तो चक्क घोरायला लागला. सोनाबाई औषधं घेऊन आली, तिनं ते घोरणं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. काय झालं असेल ते ती न सांगता समजली. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा सरांना पाणी विचारलं.

पुढचे काही आठवडे रामहरी सुधारल्यासारखा वाटत होता. कारखान्यातले चनमल्लप्पा, बिरप्पा भेटायला आले की नक्कल व्हायची, हसू ऐकू यायचं. सुबोध सर दर खेपेला न्यायला जायचे आणि दर खेपेला तो विचारायचा, "काय म्हणतोय डॉक्टर?" आणि सर काहीतरी सांगायचे. पहिलं खोटं जड गेलं होतं. नंतरची सहज यायला लागली, आणि त्या सहजपणाचीच त्यांना भीती वाटायला लागली.

पुण्याची फेरी जवळ आली तशी संस्कृतीनं सरावाला यायचं सोडलं. एके दिवशी ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलेली दिसली. सर शेजारी बसले.

"सर, एक विचारू? तुम्ही आबांना सांगितलंत का, की माझा गैरसमज झाला?"

त्यांना होकारार्थी मान हलवावीच लागली.

"आबा आता सगळ्यांना सांगतात. काल बिरप्पाकाकांना म्हणाले, आमची पोरगी शिकली खरी, पर अर्धवट ऐकून माझा जीव काढत हुती. सगळे हसले. मी चहा घेऊन आत उभी होते." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ते माझ्याशी बोलत नाहीत, सर. मी पाणी दिलं तर आईला म्हणतात, तू दे. मी खरं बोलले म्हणून आई बोलत नाही आणि मी खोटं बोलले म्हणून आबा बोलत नाहीत."

सुबोध सर समोरच्या सायकलींकडं बघत राहिले. मग म्हणाले, "संस्कृती, एक तुला कळायला पाहिजे. तू पहिल्या दिवशी जे म्हणालीस ना, सांगू नये म्हणून, तेव्हा तुझं चुकलं होतं असं मला वाटलं नव्हतं. मला फक्त वाटलं होतं की त्यानं आपण हरू. मला चषक हवा होता. म्हणून मी तुला दुसऱ्या बाजूला नेलं. तुझ्या घरचं माहीत असताना नेलं. खरं सांगायचं तर, माहीत होतं म्हणूनच नेलं."

तिनं दप्तर खांद्याला लावलं. मग उठली, कपडे झटकले. "मला ते पटलं होतं, सर," ती म्हणाली. "अजूनही पटतं. तेवढं तरी माझं राहू द्या." आणि आत गेली.

त्यानंतरच्या खेपेला दवाखान्यातून परतताना रामहरी म्हणाला, "जरा कारखान्यावरनं घ्या की गाडी." अक्कलकोट रोडवरून आत वळल्याबरोबर मागांचा खडखडाट ऐकू यायला लागला. पत्र्याच्या शेडपाशी सरांनी गाडी उभी केली. सोनाबाई त्या दिवशी घरीच थांबली होती, गाडीत दोघंच होते. रामहरी काच खाली करून ऐकत होता. "तिसरा माग इव्हळतोय," तो म्हणाला. "तेल न्हाई घातलं भाड्यांनी."

"रामहरी," सर म्हणाले. "पोरगी अर्धवट ऐकून आली नव्हती. ती बोलली ते खरं होतं. खोटं मी बोललो."

मागांचा आवाज चालू होता. रामहरीनं मान वळवली नाही. काचेच्या कडेवर ठेवलेली त्याची बोटं तेवढी हलली.

"मग तुमी का म्हणाला तसं?"

"तुम्ही म्हणा म्हणालात म्हणून. आणि तुमच्याकडं बघून माझ्यानं दुसरं काही बोलवेना."

"व्हय. म्या म्हणालो." मग तो म्हणाला, "लई वाईट केलं सर तुमी. मला एकदा मारलं, मग जित्ता केला, आन आता पुन्यांदा मारताय." तो रडला. मोठा माणूस, तोंड दाबून, खांदे गदगदत रडला. सुबोध सरांनी हात पुढं केला, पण तो खांद्यावर ठेवायची त्यांची छाती झाली नाही. हात गिअरवरच राहिला.

घरासमोर उतरताना त्यानं सरांचा आधार घेतला नाही. दारात संस्कृती उभी होती. तो तिच्यापाशी थांबला आणि तिच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चल आत. जरा पाय चेपून दे." दार लागलं. तिथून पुढं सोनाबाईनं निरोप धाडला, की गाडी नको, आमचं आमी बघतो.

सुबोध सरांनी प्राचार्यांना सांगितलं, पुण्याला मी जाणार नाही. प्राचार्य चिडले, मग दुसऱ्या एका शिक्षकाला पाठवलं. संस्कृतीच्या जागी नवी मुलगी घेतली. संघ पहिल्याच फेरीत हरून आला, आणि देवदत्त आठवडाभर सरांसमोरून मान फिरवून जात होता.

रामहरी उन्हाळ्याच्या तोंडावर गेला. मैंदर्गीला नेलं. सुबोध सर गेले होते, गर्दीच्या मागं उभे राहिले. सोनाबाईची नजर एकदा त्यांच्यावरून फिरली, आणि ओळख नसल्यासारखी पुढं गेली.

परीक्षा झाल्यावर संस्कृती दाखल्यावर सही घ्यायला विभागात आली. सरांनी सही केली. कागद तिच्या हातात देताना त्यांना बरंच काही विचारायचं होतं. पण विचारून मोकळं व्हायचं होतं ते त्यांना स्वतःलाच, हे त्यांना कळत होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तीच दारात थांबली. "शेवटी शेवटी आबा मलाच विचारायचे," ती म्हणाली. "आईला नाही, डॉक्टरांना नाही. एकदा म्हणाले, लई दुखंल का गं? मी म्हटलं, दुखेल आबा, पण मी हितंच हाय. मग म्हणाले, बस मग."

"आणि आई?"

"आई अजून माझ्याशी धड बोलत नाही." तिनं कागदाची घडी घातली. "तुमच्याविषयी तर काही बोलायचीच सोय नाही."

सुबोध सरांनी मान हलवली. ती गेली. व्हरांड्यातून तिची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी ते तसेच बसून होते. समोर टेबलावर नव्या वर्षाच्या स्पर्धेचं पत्रक पडलं होतं. प्राचार्यांनी त्यावर लाल शाईनं त्यांचं नाव लिहून ठेवलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'या वेळी तुम्हीच.'